कडक उन्हात रानफुलांवरची फुलपाखरं टिपायची आहेत: लेन्स आणि सेटिंगबद्दल सल्ला हवा

पायवाट:
दोन महिन्यांपासून रानफुलांवर मकरंद पिणाऱ्या फुलपाखरांचे फोटो काढतेय. क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा आहे, लेन्स दोनच, १८-५५ आणि ७०-३०० मिमी. खरी अडचण उन्हाची आहे. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचे पंख कोऱ्या कागदासारखे येतात, एकही शीर दिसत नाही, आणि फुलाखालची सावली काळीकुट्ट. सगळे सांगतात सकाळी लवकर जा. पण मला दहाच्या आधी जमत नाही, आणि फुलांवर गर्दी होते तीही ऊन तापल्यावरच. मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी) घेऊ का? फ्लॅशने सावली भरून निघेल का? शिवाय जरा पुढे सरकलं की उडून जातात, त्याचं काय करू?

कोवळं_ऊन:
पंख कोरे येण्यात लेन्सचा दोष नाही. मागे गडद हिरवं गवत असलं की कॅमेरा चौकट अंधारी समजतो आणि सगळंच उजळवतो, त्यात पांढरा पंख जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे २/३ वर ठेवून सुरुवात करा, पांढऱ्या फुलपाखराला उणे १. रॉमध्येच (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. काळी सावली नंतर बरीच उचलता येते, जळलेला पंख परत आणता येत नाही.

ऊन एकसारखं असेल तर मी सरळ मॅन्युअलवर जातो, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवतो. भर उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तर छिद्र लहान) आणि शटरचा वेग १/१०० सेकंद हा जुना हिशेब आजही चालतो. तोच आयएसओ ४०० ला एफ/८ आणि साधारण १/१६०० होतो. पांढऱ्या पंखांसाठी १/२५०० करा. मग मागे गवत असो की आकाश, पंखाचा उजेड बदलत नाही. शेपटीवाली मोठी फुलपाखरं पिता पितासुद्धा पंख फडफडवत राहतात, त्यांनाही हा वेग पुरतो.

पिवळ्या फुलपाखरांसाठी एक गोष्ट आवर्जून: हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. एकूण आलेख ठीक दिसतो आणि लाल रंग मात्र उजव्या कडेला आपटलेला असतो. पंखावरची बारीक खवल्यांची पोत तिथेच हरवते.

भिंगरी:
मॅक्रोची घाई नको. तुमची ७०-३०० बहुधा दीड मीटरच्या आसपास फोकस करत असेल, आणि फुलपाखरासाठी ते अंतर सोन्यासारखं आहे. तिथे १:४ मोठेपणा (सेन्सरवर खऱ्याच्या पाव आकाराचं चित्र) मिळाला तर पाच सेंटिमीटरचं फुलपाखरू निम्मी चौकट भरतं. इवल्याशा निळ्या फुलपाखरांसाठी मात्र एक एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. त्यात काच नसते, लेन्स फक्त थोडी पुढे जाते, त्यामुळे जवळचा फोकस मिळतो आणि लांबचा जातो. पुढे मॅक्रो घेतलीत तर ९० ते १०५ मिमीचीच घ्या. ६० मिमीला इतकं जवळ जावं लागतं की आपलीच सावली फुलावर पडते.

फ्लॅशचं म्हणाल तर साधा सिंक (फ्लॅश आणि शटरचा मेळ) १/२०० किंवा १/२५० ला थांबतो, आणि उन्हात तुम्हाला त्याच्या कितीतरी पुढे जायचंय. हाय-स्पीड सिंक (त्याहून जास्त वेगालाही फ्लॅश चालवणारी सोय) असेल तरच बघा. मी तरी वापरत नाही. त्यापेक्षा सूर्य फुलपाखराच्या मागे किंवा बाजूला घ्या. मिटलेल्या पंखांतून ऊन आरपार येतं, शिरा न् शिरा उजळते आणि काळ्या सावलीचा प्रश्नच बराचसा मिटतो.

रानमेवा:
उडून जाण्याबद्दल. फुलपाखरामागे धावू नका, फूल निवडा. एका गुच्छात पुष्कळ बारीक फुलं असलेली झाडं शोधा. तिथे फुलपाखरू एकेका फुलात सोंड घालत गुच्छाभोवती फिरतं, त्यामुळे बराच वेळ टिकतं. एकट्या फुलावर दोन घोट घेतले की निघालं. असं झुडूप निवडायचं, सूर्य कुठे आहे ते बघून बसायचं आणि वाट पाहायची.

आता नीट बघा. ते बसतं तेव्हा सोंड गुंडाळलेलीच असते. पंख दोनतीनदा उघडमीट होतात. या वेळी हललात की गेलं. मग सोंड सुटते, मधे गुडघ्यासारखी वाकते आणि टोक फुलात शिरतं. ते आत गेलं की पुढे सरका, गुडघ्यावर, सावकाश, आडवं न जाता सरळ रेषेत. सोंड बाहेर आली की थांबा.

आणि कृपा करून फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जिवाचे हाल होतात, आणि ते फुलपाखरू पीतही नसतं.

पायवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दोन तास एकाच झुडपापाशी बसले. उणे १ वर पांढऱ्या पंखांच्या शिरा पहिल्यांदाच दिसल्या, फार आनंद झाला! सोंड आत जाईपर्यंत थांबायचं हेही जमलं. एकच राहिलं: डोळा स्पष्ट येतो, पण मागचा पंख धूसर. एफ/११ करू का?

कोवळं_ऊन:
आधी उभं राहायची जागा बदला. पंख मिटलेले असतील तर कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर धरा, एफ/८ लाच डोळ्यापासून पंखाच्या टोकापर्यंत सगळं येईल. पंख उघडे असतील तर थोडं वरून घ्या. तरीही कमी पडलं तर एफ/११ करा, पण शटर १/१००० च्या खाली नेऊ नका, आयएसओ वाढवा. वाऱ्याने फूलही डुलत असतं.