मदत हवी आहे: टेंप्लेटवरून केलेल्या फोटोबुकात नाव कुणाचं घालायचं?

नमस्कार मंडळी,

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी फोटोबुक करतेय. नातेवाइकांपुरत्या थोड्या प्रती छापायच्या आहेत. शीट जवळजवळ तयार आहेत, शेवटच्या पानावरचा श्रेयाचा मजकूर तेवढा अडलाय. मामा म्हणतो, 'संकल्पना आणि निर्मिती' लिहून तुझं एकटीचं नाव टाक. चुलतभाऊ म्हणतो, टेंप्लेटमध्ये फोटो तर भरलेस, त्यात निर्मिती कसली? मला दोन्ही पटत नाही.

मांडणी विकत घेतलेल्या १२ × ३६ इंचांच्या पीएसडी संचावरून (फोटोशॉपच्या तयार फाइली, त्यातला प्रत्येक थर म्हणजे लेयर वेगळा बदलता येतो) घेतली आहे, स्टुडिओवाले लग्नाच्या करिझ्मा अल्बमला वापरतात तसला. मधे नवरा-नवरीची मोठी चौकट, बाजूला चार छोट्या, मागे गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्यांचा लेयर बंद करून तिथे आजीच्या नऊवारीचा काठ स्कॅन करून लावला. मोठ्या चौकटीत विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या चार जावांचा फोटो घेतला. त्यात धाकटीचा दोर धरलेला हात कापला जात होता. तो हात मला हवाच होता, म्हणून मास्क (फोटोचा किती भाग दिसेल ते ठरवणारा आकार) रुंद केला आणि डावीकडच्या दोन चौकटी काढून टाकल्या. बहुतेक पानांचं असंच झालंय. तरी खालचा सांगाडा त्या अनोळखी डिझायनरचाच आहे, आणि ते लपवावंसं वाटत नाही.

फोटोंचंही तसंच. लग्नाचे फोटो आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेले, मागे स्टुडिओचा शिक्का आहे, स्टुडिओ केव्हाच बंद झाला. विहिरीवरचा फोटो आजोबांच्या मित्राने सहज काढलेला. पाटणादेवीच्या देवळाचा विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलाय. शिवाय आजी खानदेशातली, म्हणून बहिणाबाईंच्या ओव्या आणि तिला पाठ असलेली कुसुमाग्रजांची एक पूर्ण कविता.

यात परवानगी कशाकशाला लागेल? श्रेय कसं लिहावं? आणि मावसबहीण सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी माझी पीएसडी फाइल मागतेय, ती द्यावी का?

प्रतिसाद

छान काम चाललंय. मी अल्बम डिझाइन करतो, त्यामुळे हे प्रश्न रोजचेच.

लग्नाच्या फोटोंची काळजी नको. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या प्रताधिकाराचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुमचे आजोबा. पण कलम ५७ प्रमाणे कर्त्याचा नावाचा हक्क मालकीहून वेगळा आहे, म्हणून शिक्क्यावरचं नाव जरूर द्या. मित्राने सहज काढलेला फोटो मात्र मित्राचाच धरा, त्यांच्या घरच्यांना विचारा.

बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षांची मुदत प्रकाशनापासून मोजतात, ती २०१२ अखेर संपली. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांची मुदत २०५९ अखेरपर्यंत आहे. पूर्ण कविता छापायची तर परवानगी मागा.

कॉमन्सवरच्या फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. सीसी बाय-एसए (श्रेय देऊन आणि त्याच अटींवर वापरायची मुभा देणारा खुला परवाना) असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवाना, दुवा, आणि फोटो कापला किंवा रंग बदलला असेल तर तेही लिहायचं.

फाइलबद्दल संचाचा परवाना वाचा. बहुतेक विक्रेते छापील अल्बमला मुभा देतात, लेयर सुटे असलेली फाइल पुढे द्यायला देत नाहीत. बहिणीने संच स्वतः विकत घ्यावा. काठाचा स्कॅन तुमचा आहे, तो खुशाल द्या.

आणि चुलतभावाला सांगा, कुठला फोटो मोठा घ्यायचा आणि कुठल्या चौकटी काढायच्या हे टेंप्लेटने ठरवलेलं नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. आता असं लिहिलंय: 'निवड, क्रम आणि मांडणीतले बदल' यापुढे माझं नाव. 'मूळ मांडणी' यापुढे संचाचं नाव, डिझायनरचं कुठेच मिळालं नाही. 'छायाचित्रे' खाली स्टुडिओ, आजोबांचे मित्र आणि देवळाचा फोटो काढणारे, परवान्यासकट. फोटोंतली माणसं आजीने ओळखून दिली, म्हणून 'ओळख आणि आठवणी' यापुढे तिचं नाव सगळ्यांत वर.

मित्राच्या मुलाचा नंबर मिळालाय, उद्या फोन करते. कवितेच्या परवानगीसाठी आधी प्रकाशकाला लिहावं की थेट वारसांना? कुणी अशी परवानगी घेतली असेल तर पत्रात काय काय लिहिलं होतं, तेवढं सांगा.