वेशभूषा दिनापेक्षा फळा बरा
शाळेतल्या वेशभूषा दिनामुळे मुलांना विविधता कळते, असे म्हटले जाते. मला मात्र त्यात भाड्याचे फेटे आणि पालकांची धावपळ यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. त्याऐवजी मी शाईच्या पॅडवर मुलांच्या अंगठ्यांचे ठसे घेऊन वर्गात भिंग फिरवतो. जुळ्या भावंडांचे ठसेही वेगळे निघाले, की वर्ग क्षणभर चिडीचूप होतो. मेळघाटासारख्या भागात तर फळ्यावर ‘पाणी’ लिहून प्रत्येकाच्या घरचा शब्द विचारावा. कोरकू भाषा मुंडा कुळातली, गोंडी द्राविड आणि मराठी इंडो-आर्य असल्याने एकाच बाकावर तीन भाषाकुळे बसलेली असू शकतात. मात्र खडू मुलाच्याच हाती द्यावा आणि त्याने लिहिलेला शब्द शिक्षकाने ‘शुद्ध’ करायला जाऊ नये.