शब्दचर्चा : शेर-ए-खुदा म्हणजे देवाचा सिंह की देवाचा वाघ?

प्रश्न

पैगंबरांचे जावई हजरत अली यांना 'शेर-ए-खुदा' म्हणतात. एका मराठी मजकुरात त्याचा अर्थ 'ईश्वराचा वाघ' दिलाय, दुसरीकडे 'सिंह'. बरोबर काय? शिवाय असद, हैदर, गझनफर, अब्बास या सगळ्याच नावांचा अर्थ 'सिंह' सांगतात. एका प्राण्याला इतके शब्द कशाला? आणि आपल्या 'शेरास सव्वाशेर'मधला शेर हाच का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो लगेच निकालात निघतो. 'शेरास सव्वाशेर'मधला शेर म्हणजे वजनाचं माप, 80 तोळ्यांचा शेर. त्याला ना आयाळ ना शेपूट. गझलेतला शेर तिसराच, तो अरबी 'शिअर' म्हणजे काव्य यावरून आला. प्राणिवाचक शेर फारसी आहे.

आता मुख्य मुद्दा. अलींच्या पदवीत सिंहच आहे, वाघ नाही. मूळ अरबी पदवी 'असदुल्लाह' आणि 'असद' म्हणजे सिंह, यात शंकेला जागा नाही. 'शेर-ए-खुदा' हा तिचा फारसी अवतार आणि फारसीतही शेर म्हणजे सिंहच. वाघाला फारसीत 'बब्र' हा वेगळा शब्द आहे. अरबस्तान, इराक, इराण या भागांत पूर्वी सिंह होते. आज गीरमध्ये उरलेत तेच, आशियाई सिंह. तिथल्या कवींच्या डोळ्यांसमोर तोच प्राणी होता.

ही पदवी एकट्या अलींची नाही, हेही सांगायला हवं. पैगंबरांचे काका हमजा यांनाही 'असदुल्लाह' म्हणतात, पूर्ण रूप 'अल्लाहचा आणि त्याच्या रसुलाचा (पैगंबराचा) सिंह'. ते 625 साली उहुदच्या लढाईत पडले. पण हिंदुस्थानात नुसतं 'असदुल्ला' म्हटलं की अलीच डोळ्यांपुढे येतात, शियांच्याही आणि सुन्नींच्याही.

'हैदर'ची गोष्ट घरगुती आहे. अलींच्या आईचं नाव फातिमा बिन्त असद, म्हणजे असदची मुलगी. मूल जन्मलं तेव्हा वडील अबू तालिब घरी नव्हते. आईने आपल्या वडिलांच्या नावाला धरून मुलाला 'हैदर' म्हटलं, वडील परतल्यावर नाव 'अली' ठरलं, अशी परंपरा सांगते. पुढे 628 साली अरबस्तानातल्या खैबरच्या लढाईत मरहब नावाचा योद्धा स्वतःची बढाई मारत समोर आला. तेव्हा अलींनी त्याला उत्तर दिलं ते याच नावाने : 'आईने ज्याचं नाव हैदर ठेवलं, तो मी.' आजोबांचं नाव असं रणांगणात पोचलं.

बाकीची नावं म्हणजे खरं तर सिंहाची विशेषणं, आपल्याकडे केसरी, मृगेंद्र, पंचानन आहेत तशीच. 'अब्बास' म्हणजे कपाळाला आठ्या घालणारा. 'झैगम' चावा घेणारा. 'गझनफर' दांडग्या, भरदार अंगाचा. 'उसामा', 'लैस' आणि कोशांत 'हमजा'सुद्धा. अरबी कोशकारांनी सिंहाच्या नावांच्या याद्याच केल्या, दहाव्या शतकातल्या इब्न खालवैहची यादी शेकड्यांत जाते. आणि इतकं असून 'असद' हा शब्द कुराणात एकदाही नाही! तिथे आहे 'कस्वरा' (74:51) : सत्याकडे पाठ फिरवणारे लोक कस्वरापासून उधळलेल्या गाढवांसारखे. त्याचाही अर्थ काही भाष्यकार सिंह घेतात, काही शिकारी.

प्रतिसाद

मग हिंदीत शेर म्हणजे वाघ कसा झाला? आणि सिंहाला 'बब्बर शेर' का म्हणतात? वरच्या हिशेबाने 'बब्र' तर वाघ ना?

प्रतिसाद

अगदी बरोबर पकडलंत. शब्द हिंदुस्थानात आले आणि त्यांची अदलाबदल झाली. इथे माणसाच्या वाटेला जास्त येई तो वाघ, म्हणून दरारा असलेला 'शेर' शब्द वाघाला चिकटला. खऱ्या सिंहासाठी मग वेगळं काही हवं, तर उलट फारसी वाघच त्याच्या नावाआधी बसवून 'बब्बर शेर' केला.

म्हणून माझा ठोकताळा असा : पदवीत अली असतील तर सिंह, शिकार असेल तर बहुधा वाघ. फरीद नावाच्या पठाणाने बिहारमध्ये शेर मारला म्हणून तो शेरखान झाला, पुढे शेरशाह. बिहारच्या जंगलातला तो शेर म्हणजे वाघच. नूरजहानचा पहिला नवरा 'शेर अफगन' याच माळेतला. यातल्या 'अफगन'चा अफगाणांशी संबंध नाही. तो फारसी प्रत्ययवजा शब्द, अर्थ 'लोळवणारा'. मराठी लिखाणात 'शेर अफगाण' दिसतं ते चूक.

आणि टिपूने दोन्ही एकत्र केले. हे मला सगळ्यांत बहारीचं वाटतं. बापाचं नाव हैदर अली, म्हणजे सिंह आणि अली दोन्ही एकाच नावात. मुलाने निशाणी घेतली वाघाची : सिंहासनावर वाघ, तोफांवर वाघ, शिपायांच्या अंगरख्यांवर 'बबरी' पट्टे. त्याच्या शस्त्रांवर एक वाघाचा चेहरा दिसतो. नीट पाहिलं तर डोळे, नाक, गाल ही सगळी अरबी अक्षरं आहेत, आरशातल्या प्रतिमेसारखी दोन्ही बाजूंना जुळवलेली. आणि मजकूर? 'असदुल्लाह अल्-गालिब', अल्लाहचा सिंह विजयी आहे. लिहिलाय सिंह, दिसतोय वाघ. भाषांतरकाराने हे एका शब्दात कसं सांगावं, मला तरी कळत नाही. तळटीप द्यावी हे उत्तम.

याच शब्दांतून एका शायराची दोन टोपणनावं निघाली. मिर्झा असदुल्लाह बेग खान आधी 'असद' म्हणून लिहीत, मग 'गालिब' झाले.

प्रतिसाद

थोडी भर घालते. आजच्या इराणी उच्चारात 'शेर'चा 'शीर' झालाय, त्यामुळे दूध आणि सिंह दोन्ही 'शीर'. लिपीत ते पूर्वीपासून सारखेच. जुने फारसी कवी यावर कोट्या करत. आपण 'शीरखुर्मा' म्हणतो त्यातला शीर दुधाचा, आणि 'शेर' म्हणतो तो जुन्या फारसी उच्चारातला. हिंदुस्थानाने दोन्ही वेगळे जपले. अफगाणिस्तानातल्या दरी भाषेतही 'शेर' टिकून आहे. पंजशीरचं खोरं म्हणजे 'पाच सिंहांचं', आणि तिथला अफगाण सेनानी अहमद शाह मसूदला 'शेर-ए-पंजशीर' म्हणायचे, तेव्हा पदवीत सिंह दोनदा आला.

प्रतिसाद

शेर-ए-पंजाब, शेर-ए-काश्मीर, शेर-ए-बंगला यांचं काय? तिथे अली कुठे?

प्रतिसाद

तिथे अली नाहीत. साचा तेवढा उरला. रणजितसिंह शीख, तरी शेर-ए-पंजाब. लजपतरायांना 'पंजाब केसरी' म्हणत, म्हणजे तीच पदवी संस्कृत पोशाखात. आपल्या कुस्तीतला 'महाराष्ट्र केसरी' त्याच घाटाचा. (बंगालचे नेते फझलुल हक यांचं 'शेर-ए-बंगला' मात्र मी बिनधास्त 'बंगालचा वाघ' करीन. बंगालमध्ये दुसरं काय असणार?)

खऱ्या अलीभक्तीतून आलेली उदाहरणं दख्खनेतच शोधा, भरपूर आहेत. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली. तिच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि दातांत हत्ती चिरडतोय. तिच्यावर कोरलेल्या लेखात निजामशाहाने स्वतःला पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवलंय. बुऱ्हाण निजामशाह अलींना पहिले इमाम मानणाऱ्या शिया पंथात गेलेला, त्यामुळे तिथला सिंह नुसती सजावट आहे असं मला वाटत नाही. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर त्याच तोफेवर आपलाही लेख कोरून घेतला, हा भाग वेगळा.

आणखी एक जोडी आहे. औरंगजेबाचा वजीर होता असदखान. त्याचा मुलगा इतिकादखान याने 1689 मध्ये रायगड घेतला, येसूबाई आणि शाहू त्याच्या हाती लागले, आणि त्याला 'झुल्फिकारखान' ही पदवी मिळाली. झुल्फिकार म्हणजे अलींची तलवार. बाप सिंह, मुलगा तलवार.

प्रतिसाद

लेखनाबद्दल एक सूचना : 'असद-उल्ला' असं तोडू नये. 'असदु' आणि 'अल्लाह' यांचा तो संधी आहे, मधला 'उ' पहिल्या शब्दाची अरबी विभक्ती. 'असदुल्ला' एकत्रच लिहावं. 'शेर-ए-खुदा'मध्ये मात्र 'ए' हा फारसी जोड आहे, तिथे रेघा ठेवल्या तर वाचायला सोपं जातं.