मामा तलावात पाण्याखालचे फोटो काढायचे आहेत, पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, जिल्हा गोंदिया. आमच्या गावाला माजी मालगुजारी तलाव आहे, ज्याला सगळे मामा तलाव म्हणतात. काठावर बेशरम नावाची झुडपं इतकी माजली होती की जाळं टाकायला जागा उरली नव्हती. आईच्या बचत गटातल्या बायांनी दोन उन्हाळे खपून ती मुळासकट उपटून काढली आणि दुसऱ्या तलावातून पाणवनस्पती आणून लावल्या. आता मासे वाढले असं मासे धरणारी ढिवर मंडळी सांगतात, पण वरून दिसतं ते नुसतं हिरवं पाणी. आत काय उगवलं, कोण लपलं, हे मला ग्रामसभेत पडद्यावर दाखवायचं आहे. एवढ्या चिखलात उभं राहून केलेलं काम कुणाला दिसतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

मागच्या वर्षी भावाचा मोबाईल प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून पाण्यात नेला. पाण्याखाली स्क्रीन बोटाला दाद देईना. फ्लॅश लावून जे दोन-चार निघाले त्यात सगळीकडे पांढरे ठिपके. शेवटी शिवणीतून पाणी शिरलं आणि मोबाईल गेला. आता धान विकून 22 हजार बाजूला ठेवले आहेत. गोप्रोसारखा छोटा ॲक्शन कॅमेरा घ्यावा की ऑलिम्पस कंपनीचा पाण्यात चालणारा टफ? आई रोज विचारते, "पाण्यात नेल्यावर तो कॅमेरा राहीन काय?"

प्रतिसाद 1
ताई, ठिपके म्हणजे पाण्यातला गाळ. लेन्सशेजारचा फ्लॅश आधी त्यालाच उजळतो. तलावात फ्लॅश बंदच ठेवा आणि ऊन डोक्यावर असताना फोटो काढा.

खोलीच्या आकड्याकडे बघू नका. टफचं टीजी-7 मॉडेल 15 मीटरपर्यंत चालतं, गोप्रो 10 मीटरपर्यंत, तुम्हाला कमरेएवढं पाणी पुरे. गढूळ पाण्यात कॅमेरा आणि मासा यांच्यात जितकं पाणी कमी, तितका फोटो स्वच्छ. म्हणून किती जवळून फोकस होतो ते बघा. टीजीची मायक्रोस्कोप सेटिंग लेन्सपासून 1 सेंटीमीटरवरही फोकस करते. गोप्रो लांबचं, पसरट दृश्य घेतो, तो समुद्रात शोभतो. नवा टीजी-7 22 हजारांत बसणार नाही. जुना टीजी-5 किंवा टीजी-6 शोधा.

पण खरेदीआधी एक करून बघा. काचेची छोटी मासेपेटी घ्या, फूटभर लांबीची. ती काठाजवळ अर्धी बुडवा, आत मोबाईल काचेला टेकवून धरा, वरून काळं कापड. पेटी पाण्यावर उसळेल, तेव्हा तळाशी दोन विटा ठेवा. पावसाळ्यात काही दिसणार नाही, आता हिवाळ्यात गाळ खाली बसलेला असतो. पाण्यात उतरून ढवळू मात्र नका.

धागाकर्तीचं उत्तर
दादा, काल केलं! पेटी आईनंच धरली. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या देठांवर उन्हात बारीक बुडबुडे चढताना दिसले, आणि बोटाएवढे मासे काचेपाशी येऊन थांबले. आई ते मोबाईलवर पुन्हापुन्हा बघत होती. फोटो पाठवले तर गटातल्या सगळ्या जणी संध्याकाळी घरी आल्या.

पावसाळ्यात मरळीची लालसर पिलं थव्यानं वर येतात आणि मोठी मरळ राखण करते. तेव्हा काठावरची पेटी कामाची नाही, कॅमेराच लागेल. जुना टीजी-5 बघायला रविवारी नागपूरला जाते. काय काय तपासू?

प्रतिसाद 2
बॅटरीचं आणि चार्जिंगचं अशी दोन्ही झाकणं उघडून रबराची कडा बघा. चीर, केस, वाळूचा एक कण, काहीही असेल तर पाणी आत जातं. आतल्या धातूवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो कॅमेरा एकदा भिजलेला आहे, सोडून द्या. लेन्सच्या आतून धुकं आहे का तेही उजेडात धरून बघा. आणि घेतल्यावर पहिली डुबकी तलावात नाही, घरच्या बादलीत, अर्धा तास. पट्टा तरंगणारा घ्या, हा कॅमेरा हातून सुटला की सरळ तळ गाठतो.