बायस फिरवताना आयडल करंट एकदम उसळतो: आयआरएफ ५१० पुश-पुल, चाळीस मीटर

तांबडा_टोरॉइड

नमस्कार मंडळी. चाळीस मीटर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) या हौशी रेडिओ बँडसाठी मी दोन आयआरएफ ५१० मॉसफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) पुश-पुल, म्हणजे दोघे आळीपाळीने अर्धी-अर्धी लाट सांभाळतात असा, लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर छिद्रांच्या जनरल पर्पज बोर्डावर बांधला आहे. सप्लाय १३.८ व्होल्टचा असून ड्राइव्ह (आत दिला जाणारा सिग्नल) साधारण अर्धा वॅट आहे. पहिल्या मॉसफेटचा प्रीसेट (बायस, म्हणजे गेटवरचा स्थिर व्होल्टेज, ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) सावकाश फिरवला, की अ‍ॅमीटरचा काटा ५० मिलिअँपिअरपर्यंत शहाण्यासारखा चढतो आणि पुढे प्रीसेट केसभर हलवताच थेट ७०० च्या पलीकडे उडी मारतो. त्या वेळी ड्राइव्हची केबल काढून ठेवलेली असते, म्हणजे हा सिग्नल नसतानाचा, आयडल करंट आहे. आतापर्यंत दोन मॉसफेट असेच जळाले.

बायस ४० मिलिअँपिअरवर ठेवून ड्राइव्ह दिल्यास मात्र सप्लायमधून १.९ अँपिअर जातात आणि डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर) वॉटमीटर चक्क २२ वॅट दाखवतो. डमी लोड एक किलोओहमचे, दोन वॅटचे २० मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडून केला आहे. आधी पॉवर येते का ते पाहावे, या विचाराने लो-पास फिल्टर (वरच्या नको असलेल्या वारंवारता अडवणारा) अजून जोडलेला नाही. आयआरएफ ५१० नाजूक पडतात असे समजून त्यांच्या जागी आयआरएफ ५४० लावावेत का?

जुना_८०७

मॉसफेट बदलण्याची घाई करू नये. आयआरएफ ५४० ला करंट पुष्कळ झेपतो हे खरे. पण त्याच्या गेटची (करंट नियंत्रित करणाऱ्या पायाची) कपॅसिटन्स सुमारे १७०० पिकोफॅरड असते, तर ५१० ची १८० च्या आसपास. ७.१ मेगाहर्ट्झवर १८० पिकोफॅरडची रिअ‍ॅक्टन्स (सिग्नलला होणारा अडथळा) साधारण १२५ ओहम भरते आणि १७०० ची जेमतेम १३ ओहम. आपला अर्धा वॅट ड्राइव्ह त्या गेटपाशीच अडकून पडेल.

खरा दोष वेगळा आहे. उष्णतेमुळे वाढणारा करंट काही सेकंद घेत हळूहळू सरकत जातो. ड्राइव्ह नसताना तो एका झटक्यात उसळत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ऑसिलेट होत आहे, म्हणजे इनपुटवाचून स्वतःच सिग्नल तयार करत आहे, असे समजावे. खात्री करायची असल्यास बायस उसळीच्या अगदी अलीकडे ठेवा, बेंच सप्लायची करंट लिमिट अर्ध्या अँपिअरवर लावा आणि हात बोर्डाला न लावता नुसता जवळ न्या. काटा हलला तर शंका उरत नाही. इनपुटला ५० ओहमचा रेझिस्टर लावून हीच चाचणी पुन्हा करावी, कारण मोकळ्या सोडलेल्या इनपुटवर चांगले अ‍ॅम्प्लिफायरही कधीकधी बिथरतात.

गेटपर्यंतची वायर किती लांब आहे, ते पट्टी लावून मोजा आणि इथे लिहा. आमच्या ८०७ व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळीच्या) काळात प्लेट तांबडी झाली की चूक डोळ्यांना दिसत असे. मॉसफेट तेवढी सवलत देत नाही.

मोजपट्टी

२२ वॅटच्या आकड्याबद्दल थोडे लिहितो. १३.८ गुणिले १.९ म्हणजे सुमारे २६ वॅट आत जात आहेत. त्यातून २२ वॅट बाहेर पडले, तर कार्यक्षमता ८४ टक्के होते. पण क्लास बी ची (प्रत्येक मॉसफेट फक्त अर्धी लाट चालवतो त्या पद्धतीची) सैद्धांतिक कमाल मर्यादाच ७८.५ टक्के आहे आणि आपण तर क्लास एबी मध्ये (थोडा आयडल करंट ठेवून) चालवत आहात. म्हणजे मीटर खोटे बोलत आहे. अशा साध्या मीटरमधला डायोड व्होल्टेजचे शिखर पकडतो आणि त्याची पट्टी शुद्ध साइन वेव्ह गृहीत धरून आखलेली असते. पुश-पुल जोडणीत दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दुप्पट) बराचसा कटतो, पण २१ मेगाहर्ट्झवरचा तिसरा तसाच राहतो आणि वेव्हचा आकार बिघडवतो.

तेव्हा फिल्टर आधी, पॉवर नंतर. फिल्टरच्या पुढे डमी लोडवर ऑसिलोस्कोपचा दहापटीचा प्रोब लावून पीक-टू-पीक व्होल्टेज मोजावे, त्याचा वर्ग करून ४०० ने भागावे. ५० ओहमवरचे वॅट मिळतात. फिल्टरवाचून अँटेना जोडण्याचा विचारही करू नये.

कथील_आणि_तार

एक छोटी भर: ५१० चा धातूचा टॅब ड्रेनला (करंट आत घेणाऱ्या पायाला) जोडलेला असतो, म्हणून त्याला हीटसिंकपासून अलग ठेवणारी अभ्रकाची चकती आणि स्क्रूखालचे प्लास्टिक बुश दोन्ही मल्टिमीटरने तपासून घ्यावेत. बाजारात नाव पुसून पुन्हा छापलेले ५१० ही मिळतात, म्हणून मी कपॅसिटन्स मीटरवर गेट तपासल्याशिवाय एकही बोर्डावर लावत नाही.

तांबडा_टोरॉइड

जुना_८०७ यांचे निदान बरोबर निघाले. गेटची वायर आठ सेंटिमीटर होती, हे लिहितानाही संकोच वाटतो. हात जवळ नेताच काटा थरथरत होता. अख्खी जोडणी तांब्याचा पत्रा असलेल्या बोर्डावर नव्याने केली, गेटच्या पायालाच ४.७ ओहमचा रेझिस्टर आणि फेराइट मणी लावला, सोर्सचे (करंट बाहेर सोडणारे) पाय थेट तांब्यावर झाळले. आता प्रत्येक मॉसफेटचा करंट १०० मिलिअँपिअरपर्यंत उडी न मारता चढतो. दहा मिनिटांनी तो १३० वर सरकलेला दिसला, म्हणून बायसच्या वाटेतला डायोड हीटसिंकला चिकटवला आणि तेही थांबले.

फिल्टर जोडल्यावर ६८ व्होल्ट पीक-टू-पीक मिळाले, म्हणजे साडेअकरा वॅट. २२ ची सवय झालेल्या मनाला हा आकडा जरा लागला. एसएसबी वर (सिंगल साइडबँड, आवाज पाठवण्याची पद्धत) जाण्यापूर्वी आणखी काय पाहावे?

मोजपट्टी

साडेअकरा हा १३.८ व्होल्टवर या जोडीसाठी प्रामाणिक आकडा आहे. आता ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन स्वर एकाच पातळीवर ट्रान्समीटरला द्या आणि डमी लोडवरचा एन्व्हेलप (सिग्नलच्या उंचीची बाह्यरेषा) स्कोपवर पाहा. दोन कमानी जिथे मिळतात ती जागा तिरप्या रेघांच्या फुलीसारखी रेखीव दिसली पाहिजे. तिथे रेघा सपाट होऊन मध्यावर रेंगाळत असतील, तर बायस थोडा वाढवावा. कमानींचे माथे चपटे दिसले, तर ते गोल होईपर्यंत ड्राइव्ह कमी करावा आणि माइक गेनचे बटण त्याच ठिकाणी पेन्सिलने खूण करून ठेवावे.