सासरची 'चेरोकी राजकन्या': कागदोपत्री शोध कसा घ्यावा?

प्रश्न (माहेर_ठाणे): नवरा अमेरिकन. त्याची खापरपणजी 'चेरोकी राजकन्या' होती (चेरोकी म्हणजे अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात), असं सासरी सांगतात. 1850 च्या सुमारास जॉर्जियात जन्म, मृत्यूही तिथेच. डॉज रोलमध्ये (जमातीच्या सदस्यांची सरकारी यादी) तिच्या माहेरच्या आडनावाचे बरेच जण दिसतात. डीएनए चाचणी केली की निकाल लागेल ना?

जुनेदप्तर: राजकन्या आधी सोडा, चेरोकींत राजघराणं नव्हतंच, कूळ आईकडून चालायचं. डॉज रोल 1898 ते 1914 चा, तोही इंडियन टेरिटरीत (आजचा ओक्लाहोमा) राहणाऱ्यांचा. जन्मभर जॉर्जियात राहिलेली बाई त्यात सापडणार कशी? आडनाव जुळलं म्हणजे नातं जुळलं असं नाही, सगळे इथेच फसतात.

सुरुवात नवऱ्यापासून करा आणि दाखल्यांवरून एकेक पिढी मागे जा. जनगणनेत 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. 1890 चे कागद जवळपास सगळे नष्ट झालेत, म्हणून 1880 वरून थेट 1900 गाठावं लागतं. ही वीस वर्षं विवाहनोंदी आणि मृत्युपत्रांनी भरून काढा. तिच्या आईवडिलांची नावं हाती आल्याशिवाय चेरोकी याद्या उघडूच नका.

माहेर_ठाणे: आणि नावं मिळाली की?

जुनेदप्तर: मग 1851 ची सायलर आणि 1852 ची चॅपमन यादी. 1838 मध्ये चेरोकींना पश्चिमेकडे हाकललं, त्यानंतरही पूर्वेकडे राहिलेल्यांच्या या याद्या, जॉर्जियाही त्यात आहे. त्याआधीची 1835 ची हेंडरसन, पण तिच्यात नाव कुटुंबप्रमुखाचंच, बाकी नुसते आकडे.

खरा खजिना गियन मिलर अर्जांचा (मिलर म्हणजे ते अर्ज तपासणारा अधिकारी). 1906 नंतर नुकसानभरपाईसाठी सुमारे 46,000 अर्ज आले. त्यांत आजी-आजोबा, भावंडं, गावं सगळं लिहिलेलं असतं. तिच्या मुलांनी, पुतण्यांनी अर्ज केला होता का बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या एम-1104 मायक्रोफिल्मवर आहेत. आधी अनुक्रमणिकेतून अर्ज क्रमांक काढा. निर्णयही वाचा, कारण पैशाच्या आशेने पुष्कळांनी अर्ज टाकले आणि ते फेटाळले गेले. फेटाळलेला अर्ज चेरोकी असल्याचा पुरावा नाही, पण वंशावळीसाठी सोनं.

गुणसूत्र: डीएनएचं सांगते. खापरपणजी पूर्ण चेरोकी असेल तर नवऱ्यात सरासरी 6.25 टक्के अंश यावा. तीच अर्धी असेल तर 3.1, आणि एखाद-दोन टक्क्यांवर तर चाचणीच चुकू शकते. शिवाय अहवालात फार तर 'मूळनिवासी अमेरिकन' येईल, जमात कुठलीच चाचणी सांगत नाही. मायटोकॉन्ड्रियल चाचणी (फक्त आईकडून येणारा डीएनए तपासणारी) उपयोगी पडेल ती खापरपणजी त्याच्या आईच्या आईच्या आईची आई असेल तरच. मधे एक जरी पुरुष आला तरी ती रेषा तुटते.

नागरिकत्वाचा विचार असेल तर चेरोकी नेशन (ओक्लाहोमातलं जमातीचं सरकार) डीएनए मानत नाही. थेट पूर्वज डॉज रोलवर लागतो.