१९६९ ची फोक्सवॅगन कॅम्पर: पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे आहेत

घाटवाट (इंदूर):
नमस्कार मंडळी. गाडी १९६९ ची टाइप २, १६०० सीसी, उजव्या स्टिअरिंगची. आत पलंग, ओटा, ६० लिटरची पाण्याची टाकी. माणसं धरून वजन दोन टनांच्या वर जातं. शहरात ब्रेक ठीक लागतात. महेश्वरला जाताना गणपती घाटात निम्म्यावर पेडल खाली जायला लागतं, गाडी निवली की पूर्ववत. पुढे डिस्क लावून हे थांबेल का? रिम आहेत तेच ठेवायचे आहेत.

नटबोल्ट:
आधी पेडल नीट ओळखा. खाली जाऊनही कडक लागत असेल, तर ड्रम तापून फुगलाय आणि शूला (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीला) जास्त अंतर कापावं लागतंय. स्पंजसारखं दबत असेल, तर ब्रेक ऑइल उकळतंय. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो. ऑइल जुनं असेल तर डिस्क लावूनही हेच होईल, कारण कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन थेट तापलेल्या पॅडला टेकलेला असतो.

पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये शू ढकलणारे दोन व्हील सिलिंडर आहेत, म्हणून शूचं अंतर जुळवणारे ॲडजस्टरही दोन. चाक जाम होईपर्यंत आवळा, मग मोकळं फिरेल इतकंच मागे घ्या. ड्रम लेथवर पुन्हा पुन्हा कापलेले असतील तर टाकून द्या. पातळ ड्रम लवकर तापतो.

माळवा गॅरेज:
वरचं सगळं करूनही लांब उतारावर तेच होत असेल, तर डिस्क लावाच. या वजनाला त्या हव्यातच.

कंपनीने १९७१ च्या मॉडेलपासून पुढे डिस्क दिल्या, पण तेव्हाच रिमचे बोल्टही ५×२०५ (पाच बोल्ट, २०५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) वरून ५×११२ झाले. नुसता पुढचा भाग त्या गाडीचा लावला तर पुढे-मागे वेगळे रिम आणि दोन स्टेपन्या. तुम्ही ५×२०५ चं किट घ्या. कॅलिपर १४ इंची रिमला आतून घासत नाही ना, हे टायर चढवण्याआधी नुसत्या रिमवर बघा.

डाव्या चाकाकडे विशेष लक्ष द्या. स्पीडोमीटरची केबल त्या स्टबमधून (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यातून) येऊन ग्रीसच्या टोपीत अडकते. किटमधल्या डाव्या टोपीला चौकोनी भोक नसेल तर काटा हलणार नाही. त्या बाजूच्या नटचे आटेही उलटे आहेत. बेअरिंग इतकंच आवळा, की नटमागचा वॉशर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ढकलला तर जेमतेम सरकावा. मग डायल गेज (बारीक डुलणं मोजणारं काट्याचं माप) लावा. डिस्क ०.१ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर हब पुसून पुन्हा बसवा. बहुतेक वेळा मागे गंजाची खपली अडकलेली असते.

कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल वरच्या बाजूला आलंच पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झाला तर ते खाली येतं आणि कितीही ऑइल ओता, हवा निघत नाही.

नटबोल्ट:
मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचं) राहिलं. कॅलिपरला ड्रमपेक्षा जास्त ऑइल लागतं, त्यामुळे पेडल लांब जातं. म्हणून लोक मोठा मास्टर लावतात, पण हिशेब करा: २२.२ मिमी बोअरचं (आतल्या व्यासाचं) क्षेत्रफळ ३८७ चौरस मिमी, २५.४ चं ५०७. पायाचा जोर तोच ठेवला तर दाब सुमारे २४ टक्के कमी. त्यातून ड्रममध्ये फिरणारं चाक शूला आपोआप ओढून घेतं, तशी स्वतःची ओढ डिस्कला नसते. म्हणजे मोठा मास्टर लावणार असाल तर बूस्टरही (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) लावा. इंजिन मागे असल्याने व्हॅक्यूमची नळी गाडीभर लांब जाईल. ती धातूची घ्या आणि एकमार्गी व्हॉल्व्ह विसरू नका.

पुढच्या लाइनमध्ये ड्रमसाठीचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर काढा, नाहीतर पॅड सतत घासत राहतील. आणि मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह घाला. पावसात मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते.

घाटवाट:
सियागंज बाजारात ब्रेक पाइपचे नट मिळतील ना? कॅलिपरला एम १० चे (१० मिमी मेट्रिक) आटे आहेत.

माळवा गॅरेज:
मिळतील, पण नमुना घेऊन जा. तीन-अष्टमांश इंची नट एम १० च्या भोकात सहज शिरतो, आवळलाही जातो आणि जोराचा ब्रेक मारला की आटे सोडतो. नट हाताने फिरवून बघा. भोकात डुगडुगला तर तो चुकीचा. पाइपाच्या तोंडाचा आकारही कॅलिपरच्या बैठकीशी जुळवा.

हवा काढताना मास्टरपासून सर्वात लांबचं चाक आधी. तुमच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

नवे पॅड डिस्कवर घासून बसवायला पहाटे सुपर कॉरिडॉरचा रस्ता गाठा. ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं वारं लागू द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर चिकटतो आणि पेडल थरथरतं. परत आल्यावर दोन्ही हबजवळ लांबूनच हात न्या. एकच बाजू जास्त तापली असेल तर तो कॅलिपर अडकतोय. गणपती घाटात जाण्याआधी तो उघडा.